देवळ्याची आवृत्ती

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते देवळ्याच्या शाळेतल्या आमच्या चित्रकलेच्या सरांचे. आईवडिलांना मी यात धरत नाही, कारण मी पदरात पडल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. सरांपुढे होता. वर्गात बावन्न मुलं होती, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा बरी चित्रं काढायची, आणि माझा बैल बघून परीक्षकांनी एकदा ‘मोटारसायकल चांगली आहे’ असा शेरा दिला होता. तरी दहावीनंतर सरांनी माझा पदविकेचा अर्ज स्वतः भरला, माझ्याबरोबर एसटीने नाशिकला आले आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहिले. पुढे उभे राहिले असते तर मी पळून गेलो असतो, हे त्यांना माहीत होतं.

वडील कांदाचाळी बांधून द्यायचे. बांबू, तार, पत्रे यांच्यापलीकडे जगात शिकण्यासारखं काही आहे, हे त्यांना पटत नव्हतं. मला प्लास्टिकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला हे कळल्यावर त्यांनी अहिराणीत एवढंच विचारलं, “प्लास्टिक शिकाले कालेज लागस का?” सर म्हणाले, लागतं. विषय संपला. पदविका झाली, मग पदवी झाली. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. पदवीदानाचा फोटो घरी टीव्हीच्या वर लावलेला आहे, आणि त्यातला काळा झगा पाहून आत्या अजून मला वकील समजते.

आता मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. विजेच्या बटणांची प्लास्टिकची झाकणं आमच्याकडे बनतात. दिवसभर मी त्या झाकणांत खोट काढतो. हे काम मला चांगलं जमतं असं सगळे म्हणतात. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

नोकरी पक्की झाली की माणसं गाडी घेतात, प्लॉट बघतात. मी प्लास्टिकच्या छोट्या विमानांचा इतिहास शोधायला लागलो. नातेवाइकांना मी हे सांगत नाही. लग्नकार्यात कोणी खोदून विचारलंच तर ‘ऑनलाइन काहीतरी करतो’ म्हणतो. त्यांना ते शेअर बाजारातलं वाटतं, त्यामुळे मान टिकून आहे. बायकोला खरं माहीत आहे. ती म्हणते, लोक मुलांच्या कुंडल्या काढतात, तुम्ही खेळण्यांच्या काढता.

तिचं फारसं चुकत नाही. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं विमान सुट्या भागांत, खोक्यात घालून विकतात. भाग चिकटवायचे, रंगवायचे, फडताळात ठेवायचे आणि धूळ पुसायची. हे भाग पोलादी साच्यातून निघतात. साचा बनवणं जिकिरीचं असतं, म्हणून एकदा बनलेला साचा कंपनी सहसा मोडीत काढत नाही. काही वर्षांनी नवं चित्र, नवं खोकं, आत तेच विमान. कधी साचा दुसऱ्या कंपनीकडे जातो, कधी दुसऱ्या देशात. गावात एखाद्याकडे चांगली शेरवानी असली की लग्नसराईत ती सात नवरदेवांच्या अंगावर दिसते, तसाच हा प्रकार. फोटोत नवरदेव वेगळा, पण काखेतली उसवलेली शिवण तीच.

ती शिवण ओळखणारी काही माणसं जगभर पसरलेली आहेत. शेपटीवर खिळ्यांचे ठिपके अकरा की बारा, यावर ती एकमेकांशी बोलणं सोडतात. त्यांचे वाद ऐकले की भाऊबंदांमधले बांधाचे वाद समंजस वाटायला लागतात. इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे आणि मी त्यात आहे. दोन वर्षांपूर्वी गटाने ठरवलं की एका जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी पुस्तक म्हणून काढायची. कोणत्या देशाचं पान कोणी लिहायचं ते वाटलं गेलं. भारताचं पान माझ्याकडे आलं, कारण भारतातून मी एकटाच होतो. अशा रीतीने मी तज्ज्ञ झालो.

आणि त्या पानावर लिहायला माझ्याजवळ एक गोष्ट होती जी जगात कोणाजवळ नव्हती. सरांचं विमान.

आठवीत असताना शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर चार-चार मुलांना थांबवून घ्यायचे. साबणाने हात धुवायला लावायचे, नखं तपासायचे, मग कपाटातून खोकं काढायचे. झाकणावर ढगांतून झेपावणारं विमान. आत पांढरे सुटे भाग, वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले. सर दरवेळी एकच वाक्य बोलायचे, “साहेबाच्या देशातून आलंय. मोडलं तर दुसरं मिळणार नाही.” आम्ही चौघं श्वास रोखून बसायचो. कांद्याच्या ट्रॉलीवर उड्या मारणारी मुलं आम्ही. पण आमच्या गटाच्या वाट्याला आलेल्या शनिवारांत एकही तुकडा आमच्या हातून तुटला नाही.

विमान जोडून झालं तरी खोक्यात एक पंख उरला होता. डावा. सरांनी तो आणि झाकण मला दिलं, कारण चौघांत पहिल्याच शनिवारी नखं कापून आलेला मीच होतो. घरी आणल्यावर वडिलांनी झाकणावरचं चित्र बघून विचारलं, “हाई इमान उडस का?” मी नाही म्हणालो. “मंग काय कामनं?” म्हणाले आणि बांबू मोजायला निघून गेले.

ते झाकण आणि तो पंख मी वीस-बावीस वर्षं जपले. पदविकेच्या वसतिगृहात उशीखाली, लग्नानंतर लॉकरमध्ये, बायकोच्या मंगळसूत्राशेजारी. तर आता या पुराव्यांवर मी भारताचं पान लिहिलं. काय लिहिलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

झाकणाचा कागद चकचकीत नव्हता, वर प्लास्टिकचं लॅमिनेशन होतं. मी लिहिलं: भारतीय पावसाळ्यासाठी केलेली खास आवृत्ती. लासलगावला माझा एक वर्गमित्र कांद्याचा व्यापार करतो. त्याच्याकडेही एक झाकण निघालं, त्यात तो ट्रॅक्टरचे नटबोल्ट ठेवत होता. त्याच्या झाकणावरचं आकाश माझ्याहून गडद होतं. मी लिहिलं: किमान दोन छपाया. पंखाच्या आतल्या बाजूला कसलीही खूण नव्हती. यंत्रावर बनलेल्या भागाला अशी खूण असतेच. गरम भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या दांड्यांचे गोल वळ उठतात. रोज हजारो झाकणांवर मी ते वळ बघतो. सरांच्या पंखावर एकही नव्हता. मी लिहिलं: अत्यंत उच्च दर्जाचा साचा.

गटात विलायतेतले एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी आपल्याकडचा पंख मोजून कळवला; माझा जवळजवळ मिलिमीटरभर आखूड भरला. मी कळवलं की म्हणजे साचा वेगळा असणार, शोध आणखीच महत्त्वाचा आहे. त्यांनी नम्रपणे लिहिलं की इतक्या वर्षांत तीन पंखांचं खोकं त्यांनी पाहिलेलं नाही, कंपनी जादा पंख कशाला देईल. त्यावर मी जे उत्तर दिलं ते गटाच्या दप्तरात कायमचं आहे. मी लिहिलं, आमच्याकडे भाजी घेतली की वर कोथिंबीर देतात; ही आमची पद्धत आहे.

शेवटी त्यांनी सुचवलं की पंखावर मॉडेलच्या गोंदाचा एक थेंब टाकून बघा. या गोंदाने खरं प्लास्टिक मऊ पडतं. मी लिहिलं, दुर्मीळ वस्तूवर असला प्रयोग योग्य नाही. खरं कारण वेगळं होतं. सरांनी सांगितलं होतं की ते विलायतेतून आलंय. आमच्या घरात सरांचा शब्द तपासायची पद्धत नव्हती. तपासला असता तर मी आज चाळीवर पत्रे ठोकत असतो.

भांडं फोडलं आमच्या कारखान्यातल्या फिटरने. तो साचे दुरुस्त करतो, घोटीचा आहे आणि त्याच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी भिंगातून पंख बघत बसलो होतो, तर त्याने तो हातातून घेतला, कडेवर नख फिरवलं आणि परत ठेवला.

“साहेब, हे मशीनवरचं नाय. रबराच्या साच्यात ओतलंय. कडेला बुडबुडे बघा. आमच्याकडं गणपतीचे कान असेच निघतात.”

मी त्याला थोडं तुटकपणे सांगितलं की ही वस्तू इंग्लंडहून आलेली आहे.

“मंग इंग्रजांकडं बी गणपती बसत असल,” तो म्हणाला आणि डबा धुवायला गेला.

त्याच दुपारी मी गोंदाचा थेंब टाकला. पंख ढिम्म. दगडावर पाणी टाकावं तसा थेंब वाळून गेला. मग मी भिंगातून बुडबुडे मोजले, आणि पहिल्यांदाच तो पंख झाकण तपासतो तसा तपासला. अर्ध्या मिनिटात मी तो नापास केला असता. भारताच्या त्या एका पानासाठी दोन वर्षांत मी त्याच्यावर सतरा पानं लिहिली होती.

रविवारी देवळ्याला गेलो. सर निवृत्त झालेत. घरापुढे पपई लावलीय, तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. मी पाया पडायला वाकलो तर नेहमीसारखे पाय मागे घेतले. मी पंख काढून त्यांच्या हातात दिला. सरांनी चष्मा वर करून पंख डोळ्यांजवळ धरला, उलटा केला, आणि पपईकडे बघत म्हणाले, “साहेबाच्या देशातलं प्लास्टिक. टिकलंय बघ कसं.”

चहा घेऊन आलेल्या बाई दारातच थांबल्या. बाई म्हणजे सरांची बायको. त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या आणि इतिहासात थापा त्यांना खपत नसत. म्हणाल्या, “साहेबाचा देश आपल्या गच्चीवर होता वाटतं. माझ्या कुरडयांच्या खाटेवर विमानं वाळत होती दर उन्हाळ्यात. एकदा पाहुण्यांना तळलेल्या कुरडईत चाक सापडलं.”

सर हसले नाहीत. पंख मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांच्याकडे खरं किट एकच होतं, परदेशी जाऊन आलेल्या मेव्हण्याने आणलेलं. मुलं बावन्न. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर नाशिकला एका मूर्तिकाराकडे गणपतींचे डोळे आखायला जायचे; तिथे साचा घ्यायला शिकले. मग एकेका भागाचा रबरी साचा घेतला आणि त्यात फायबरवाल्यांकडून आणलेलं, वाळताना किंचित आखडणारं रेझिन ओतलं. झाकणाचा काळा-पांढरा झेरॉक्स काढून प्रत्येक आकाश हाताने रंगवलं, आणि रंग ओघळू नये म्हणून वर लॅमिनेशन करून घेतलं. निळा रंग संपत आला की आकाश फिकट व्हायचं. पंख ओतताना हमखास बिघडायचे, मुलांच्या हातून तुटतील ही धास्ती वेगळी, म्हणून प्रत्येक खोक्यात एक जादा टाकायचे.

माझी पावसाळी आवृत्ती, दोन छपाया आणि कोथिंबीर, सगळं एका चहात निकालात निघालं.

मी विचारलं, मग साहेबाचा देश कशाला सांगितलात.

“देवळ्यात बनलंय म्हटलं असतं तर तुम्ही हात धुतले असते का?” सर म्हणाले. “मातीचे बैल आणायचात शाळेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाय मोडलेले. बाहेरचं म्हटल्यावर नखंसुद्धा कापलीत.”

मी त्यांना पुस्तकाचं सांगितलं, पान दुरुस्त करावं लागेल हेही सांगितलं. तेव्हा सरांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता, अगदी माझा बैल बघतानाही नाही. म्हणाले की आठवीच्या किती तुकड्यांना त्यांनी तेच वाक्य सांगितलं. त्यातला एक आता त्याच शाळेत मुख्याध्यापक आहे, दोघं पोलिसात आहेत. “तुझ्या विलायतेतल्या लोकांनी चोर म्हटलं तर चालेल, मी काही ते विकलं नाही. पण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे संध्याकाळपर्यंत पोचेल.”

“खोटारडा म्हणतील रे,” सर म्हणाले. “नको लिहूस.”

बाई कप उचलून आत गेल्या.

परतताना एसटीत खिडकीजवळची जागा मिळूनही बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. पान होतं तसं ठेवलं तर माझी थाप छापली जाणार होती, आणि तिच्याखाली आधार म्हणून सरांचा शब्द. खरं लिहिलं तर ज्यांनी मला रांगेत उभं केलं त्यांनाच मी गावापुढे उघडं पाडणार होतो. आठवडाभर मी झाकणं नीट तपासली नाहीत. सोमवारी एक अख्खी पेटी परत आली आणि साहेबांनी प्रेमाने विचारलं की घरी सगळं बरं आहे ना.

फोनवर सर काहीही ऐकलं तरी ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतात. म्हणून पत्र लिहिलं. सातवीनंतर मराठीत लिहिलेलं माझं हे पहिलं पत्र, तेव्हाचं मामास होतं आणि दहापैकी सहा मिळाले होते. हे असं होतं:

सर,

पाया पडतो. समोर आलो की तुम्ही पाय ओढून घेता, म्हणून कागदावर.

भारताच्या पानावरची नोंद चुकली आहे, ती काढून टाका, असं मी गटाला कळवलं. चूक माझी आहे असं लिहिलं, कारण ती माझीच आहे. तुम्ही जे सांगितलंत ते तेरा वर्षांच्या मुलांना सांगितलंत. प्लास्टिकची पदवी घेतलेल्या तपासनिसाने त्यावर सतरा पानं लिहावीत असं तुम्ही म्हटलं नव्हतं. तुमचं, शाळेचं किंवा गावाचं नाव मी कोणालाही कळवलेलं नाही.

मला वाटलं होतं गटात लोक हसतील. हसले. कोथिंबिरीवर तर तीन दिवस हसले. पण पोस्टमास्तरांनी वेगळं पत्र पाठवलं. ते स्वतः घरी असे भाग ओततात. त्यांनी लिहिलंय की माझ्या फोटोतल्या पंखाची मागची कड इतकी पातळ आहे की त्यांना ती तीस वर्षांत साधलेली नाही. ‘ज्याने हे केलं त्याला माझा नमस्कार कळवा.’ तो कळवतो.

आता पानावर जागा रिकामी आहे. पुस्तक महिनाअखेर छपाईला जाईल. तुम्ही नको म्हणालात तर जागा रिकामीच जाईल आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही, बाईंसमोरसुद्धा नाही. तुमचं उत्तर आलं नाही तरी ‘नको’च समजेन. हो म्हणालात तर पुढचा मजकूर जाईल. लाल पेनाने तपासून द्या:

‘देवळा, जिल्हा नाशिक. मूळ किटवरून रबरी साच्यांत हाताने ओतलेल्या प्रती. झाकणाचं चित्र प्रत्येक वेळी हाताने रंगवलेलं. विक्रीसाठी नाही, शाळेतल्या मुलांसाठी. प्रत्येक खोक्यात एक पंख जादा.’

यात तुमचं नाव घालायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा.

खोटारडा म्हणतील, असं तुम्ही म्हणालात. काही जण म्हणतील. मीही त्या रविवारी एसटी पिंपळगावला पोचेपर्यंत मनात म्हणत होतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. पिंपळगावच्या पुढे लक्षात आलं की राग त्या थापेचा नाही. विमान देवळ्यात बनलं याचा राग नाहीच. तुम्ही दर उन्हाळ्यात एकटे गच्चीवर ओतत बसलात आणि आम्हाला कोणाला हाक मारली नाहीत, याचा आहे. जोडायला आम्ही शनिवारी आलो. ओतायला रोज आलो असतो, नखं कापून.

मुख्याध्यापक काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. लासलगावच्या व्यापाऱ्याला मात्र मी सांगितलं, तुमची परवानगी न घेता. तेवढी एक माफी मागतो. त्याने नटबोल्ट काढून झाकण पुसायला घेतलं.

कड पातळ कशी काढलीत ते कळवा. पोस्टमास्तरांना तुम्ही म्हणाल तरच सांगेन. मला स्वतःला पाहिजे आहे.

आपला,
आठवी ब